रकान्यात न मावलेला देश

2019 च्या पावसाळ्यात मी फोर्टमधल्या एका बँकेच्या व्यापार विभागात आयातीची कागदपत्रे तपासत असे. मशीद बंदरच्या एका व्यापाऱ्याने आफ्रिकेतल्या बर्बेरा बंदरातून धुपाचा डिंक मागवला होता. एलसीमध्ये, म्हणजे कागदपत्रे अटींप्रमाणे असतील तर पैसे देण्याच्या बँकेच्या लेखी हमीत, मूळ देश ‘सोमालिया’ लिहिला होता आणि सोमालीलँडची राजधानी हर्गेसाहून आलेल्या सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनवर, म्हणजे माल कुठल्या देशाचा हे सांगणाऱ्या प्रमाणपत्रावर, ठसठशीत शिक्का होता, ‘सोमालीलँड प्रजासत्ताक’. आम्ही फक्त कागद काय सांगतो तेवढेच पाहतो, आणि नकार द्यायचा तर बँकेच्या कामकाजाच्या पाच दिवसांत द्यावा लागतो. म्हणून मी डिस्क्रिपन्सी, म्हणजे कागदांतली तफावत, काढली.

व्यापारी समोर येऊन बसले आणि त्यांनी निर्यातदाराचा फोन स्पीकरवर टाकला. ‘सोमालिया’ नावाने नवे प्रमाणपत्र पाठवा, असे मी सहज सांगून गेले. “मॅडम, हवे तर पैसे कमी द्या, नाव बदलणार नाही,” पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला. मग त्याने हिशेबच मांडला: 26 जून 1960 रोजी ब्रिटिशांकडून स्वातंत्र्य, पाचच दिवसांनी पूर्वीच्या इटालियन सोमालियाशी विलीनीकरण, 1988 मध्ये सोमालियाचा हुकूमशहा सियाद बार्रे याच्या विमानांनी हर्गेसावर केलेली बॉम्बफेक आणि 18 मे 1991 रोजी वेगळे झाल्याची घोषणा. स्वतःचे चलन, पोलीस, निवडणुका असूनही तोवर संयुक्त राष्ट्रांच्या एकाही सदस्य देशाची मान्यता त्यांना नव्हती.

आपण वसाहतकाळातलीच सीमा परत मागतो, नवी आखत नाही, हा त्याचा मुद्दा मला बिनतोड वाटला. मात्र पूर्वेकडच्या सूल आणि सनाग भागांवर सोमालियातला शेजारचा स्वायत्त प्रांत पुंटलँडही हक्क सांगतो, हे त्याने सांगितले नाही. (1898 पर्यंत हा किनारा एडनमार्फत ब्रिटिश हिंदुस्थानच्या कारभारात होता आणि एडन मुंबई इलाख्यात, हे घरी जाऊन वाचल्यावर मला हसू आले.)

व्यापाऱ्याने तफावत लेखी मान्य केली, तरी काम संपले नाही. आमच्या संगणकावरच्या देशांच्या यादीत सोमालीलँड नव्हतेच, आणि ‘सोमालिया’ निवडताच त्या देशावर तेव्हा लागू असलेल्या 1992 पासूनच्या शस्त्रबंदीमुळे फाइल अडकली. तो डिंकच आहे, दुसरे काही नाही, हे पटवून देण्यात दोन दिवस गेले.

त्याच व्यापाऱ्याची पुढची एलसी माझ्याकडेच आली. तिच्यात मूळ देशाची अट काढून टाकली होती. फक्त ‘बर्बेरा बंदरातून रवाना’ एवढेच लिहिले होते.