पेन्सिलच्या लीडवर कार्बेंडाझिम: नोंद पाचवी

कार्बेंडाझिम हे बुरशीनाशक मातीत किती आहे ते पेन्सिलच्या लीडनं, विजेच्या प्रवाहावरून मोजायचा हा खटाटोप. गेल्या नोंदीत रेफरन्स इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजतो ती तार) रात्रीत 30 मिलिव्होल्ट सरकत होता. कारण सापडलं. तार दागिन्याच्या चांदीची होती, म्हणजे त्यात तांबं. हुपरीच्या एका ओळखीच्या कारागिराकडून चोख चांदीची तार आणली, ब्लीचमध्ये करडी होईपर्यंत बुडवली, पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवली. आता गडी जागचा हलत नाही. (खताचं तांबडं पोटॅशही क्लोराइडच, पण त्याच्या नादाला लागू नका. तो रंग लोहाचा.)

वर्किंग इलेक्ट्रोड (ज्यावर औषधाची प्रक्रिया होते तो) तोच: क्लच पेन्सिलची 0.5 ची एचबी लीड, बाहेरून बायकोची नेलपॉलिश, टोक उघडं. इलेक्ट्रोडची तपासणी फेरिसायनाइडनं करतो; त्याच्या प्रवाहाच्या आलेखातल्या दोन शिखरांतलं अंतर 110 वरून 85 मिलिव्होल्टवर आलंय. आदर्श 59. चालतंय.

कार्बेंडाझिमच का? आमच्याकडे ऊस लावताना टिपरी त्याच्या द्रावणात दहा-पंधरा मिनिटं बुडवतात, आणि ते ग्राफाइटवर थेट ऑक्सिडाइज होतं (इलेक्ट्रॉन सोडतं, त्याचाच प्रवाह मोजायचा). एन्झाइम विकत आणायला नको, फ्रीजमध्ये जपायला नको. फॉस्फेट बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), पीएच 7 ला, डिफरन्शियल पल्समध्ये (व्होल्टेज छोट्या ठोक्यांनी वाढवत प्रवाह मोजणं) +0.9 व्होल्टच्या आसपास स्वच्छ शिखर येतं.

मग गेल्या रविवारी प्रयाग चिखलीजवळच्या आबांच्या मळीच्या रानातली माती आणली. अर्क काढला, गाळला, बफरमध्ये मिसळला, स्कॅन लावला. +0.65 ला हा भलामोठा उंचवटा! मी जवळजवळ ग्रुपवर फोटो टाकलाच होता. हात आवरला आणि त्याच अर्कात माहीत असलेलं कार्बेंडाझिम घातलं. उंचवटा होता तिथेच राहिला, शेजारी +0.9 ला वेगळंच शिखर उगवलं. म्हणजे पहिलं औषध नव्हतंच. मातीतल्या ह्युमिक, फिनॉल जातीच्या पदार्थांचं काम असणार. शिवाय नवं शिखर बफरमधल्यापेक्षा निम्म्याहून कमी उंचीचं. हा गाळ लीडवर बसतो. दुसऱ्या स्कॅनला तर आणखी खाली. आता प्रत्येक स्कॅनला टोक मोडतो, नवं घेतो. लीड स्वस्त आहे म्हणून ही चैन. आणि बफरमधल्या कॅलिब्रेशन रेषेवरून (माहीत प्रमाणांवरून काढलेल्या) मातीचा आकडा काढणं बंद. प्रत्येक नमुन्यात तीन वेळा ठरावीक भर घालायची आणि रेषा शून्य प्रवाहापर्यंत मागे ओढायची, तिथे मूळचा आकडा मिळतो.

आबांनी विचारलं, "आरं, मग आमच्या रानात औषद हाय का न्हाय, एवढं सांग की."

सांगता येईना. माझी मोजण्याची खालची मर्यादा 2 मायक्रोमोलर, म्हणजे लिटरला साधारण 380 मायक्रोग्रॅम. युरोपात पिण्याच्या पाण्यात एका कीटकनाशकाला लिटरला 0.1 मायक्रोग्रॅमची मुभा आहे. पंचगंगेचं पाणी या पेन्सिलीनं तपासायचं म्हणजे उसाच्या काट्यावर सोनं तोलणं.

पण बेणे प्रक्रियेचं द्रावण बघा: 100 लिटरला 100 ग्रॅम पावडर, ती 50 टक्क्यांची, म्हणजे लिटरला 500 मिलिग्रॅम औषध. उरलेलं पिंप पाटात ओतलं आणि हजार पट पातळ झालं, तरी 500 मायक्रोग्रॅम उरतं. ते माझ्या टप्प्यात येतं!

आबांची लावण पुढच्या आठवड्यात आहे. पिंप ठेवतात तिथली माती लावणीआधी एकदा आणि नंतर एकदा घेणार. पिंप पाटात ओतू देणार नाही, हे आबांना आधीच सांगून ठेवलंय.