स्कॅनर बिघडलेला नव्हता

गेल्या मे महिन्यात माझ्या जुन्या संगणकाचा मदरबोर्ड गेला. त्यात विंडोज एक्सपी होते. मायक्रोसॉफ्टने एक्सपीचे अपडेट ८ एप्रिल २०१४ पासूनच बंद केले होते, तरीही इंटरनेटला न जोडता मी तो संगणक केवळ एका कामासाठी सांभाळून ठेवला होता, ते म्हणजे निकॉनचा कूलस्कॅन व्ही ईडी हा फिल्म स्कॅनर चालवणे. नव्या संगणकात विंडोज ११ आले. स्कॅनरची यूएसबी वायर जोडली, पुढचा हिरवा दिवा काही वेळ लुकलुकून नेहमीप्रमाणे स्थिर झाला, आतून ओळखीची घरघरही ऐकू आली; पण डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या यादीत, स्कॅनरच्या नावाऐवजी बिघाडाचा पिवळा त्रिकोण उमटला.

स्कॅनर पिशवीत घालून मी सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका दुकानात नेला. तिथल्या मुलाने तो उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, “काका, ह्याला ड्रायव्हरच येत नाही आता. भंगारातच घाला बघा. त्यापेक्षा साधा स्कॅनर घ्या की, फोटो पण होतील, कागद पण होतील.” ड्रायव्हर म्हणजे जोडलेले यंत्र कसे चालवायचे हे संगणकाला सांगणारा छोटा प्रोग्रॅम. त्याचा सल्ला प्रामाणिक होता. माझी अडचण अशी की माझ्याकडे फोटो उरलेलेच नाहीत. अल्बम वाळवीने खाल्ले. राहिल्या त्या पत्र्याच्या डब्यातल्या निगेटिव्हच्या पट्ट्या, आणि त्या साध्या स्कॅनरच्या काचेवर ठेवून मला हवे तेवढे बारकावे मिळत नाहीत. कूलस्कॅन इंचाला ४००० बिंदू वाचतो. ३५ मिलिमीटर फिल्मची एक चौकट २४ बाय ३६ मिलिमीटरची असते, म्हणजे एका चौकटीतून सुमारे २ कोटी १० लाख बिंदूंचे चित्र हाती येते.

दिवाळीला पुण्याहून भाचा आला. त्याच्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी उबंटू लिनक्स ही मुक्त प्रणाली आहे. त्याने सहज वायर जोडली, टर्मिनलमध्ये एक ओळ टंकली आणि स्कॅनरचे नाव पडद्यावर आले. लिनक्समध्ये सेन नावाची स्कॅनरांसाठीची मुक्त प्रणाली असते आणि तिच्यातल्या ‘कूलस्कॅन३’ या भागाला माझे मॉडेल माहीत आहे. “मामा, मशीनला काही झालेलं नाही. तुमच्या विंडोजलाच ते ओळखता येत नाहीये,” असे म्हणून तो फराळाच्या ताटाकडे वळला. दुकानात गेल्यापासून मनात असलेली रुखरुख त्या एका वाक्याने गेली. यंत्र मेले असते तर मी हात टेकले असते.

मग मी लिनक्सच का घेतले नाही? या स्कॅनरात लाल, हिरव्या आणि निळ्या एलईडीबरोबर अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, प्रकाशाचाही एलईडी आहे. रंगीत निगेटिव्हमधले रंग अवरक्त प्रकाशाला अडवत नाहीत, धूळ आणि ओरखडे मात्र अडवतात. त्यामुळे त्या चौथ्या वाचनात नेमका कचरा तेवढा दिसतो आणि तो मूळ चित्रातून वजा करता येतो. डिजिटल आइस म्हणतात ती सोय हीच. सेन ते अवरक्त वाचन काढून देते, पण पुढची सफाई स्वतः करत नाही; ती निकॉन स्कॅन या जुन्या प्रोग्रॅममध्ये होते, आणि तो विंडोजवरचा.

पिवळ्या त्रिकोणावर टिचकी मारून गुणधर्म उघडले, तर तिथे दोन आकडे होते: ०४बी० आणि ४००१. पहिला निकॉनचा, दुसरा या मॉडेलचा. म्हणजे स्कॅनर जोडल्याबरोबर आपले नाव-गाव सांगत होता. ते विंडोजच्या वहीत लिहिलेले नव्हते, इतकेच. सोलापूरकराला हे समजायला जड जाऊ नये. जॅकार्डच्या मागावर चादरीतला मोर मागाला ठाऊक नसतो. भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ वर फिरत असते आणि कोणता धागा उचलायचा हे ती सांगते. पुठ्ठे दुसऱ्या जातीच्या मागाचे असतील तर तो माग मोडला असे कोणी म्हणत नाही.

ड्रायव्हर म्हणजे काहीतरी अगम्य यंत्रभाषा, अशी माझी समजूत होती. निकॉन स्कॅनच्या फोल्डरमधली आयएनएफ फाइल नोटपॅडमध्ये उघडली तेव्हा कळले की ती साधी मजकुराची फाइल आहे, आणि तिच्यात ‘हे दोन आकडे दिसले तर विंडोजचाच यूएसबीस्कॅन नावाचा ड्रायव्हर लाव’ एवढाच मुख्य निरोप आहे. प्रत्यक्ष काम करणारा ड्रायव्हर नव्या विंडोजमध्ये आजही आहे. फाइल मात्र ३२ बिट विंडोजच्या काळातली, आणि विंडोज ११ सारखे ६४ बिट विंडोज अशा फाइलीत स्वतःसाठीचा वेगळा विभाग शोधते. उत्पादकाच्या ओळीत स्वल्पविराम देऊन ‘एनटीएएमडी६४’ हा शब्द जोडायचा आणि मॉडेलच्या ओळींचा विभाग तोच शब्द लावून पुन्हा उतरवायचा, एवढीच दुरुस्ती होती. (नावात एएमडी असले तरी इंटेलच्या प्रोसेसरलाही हाच शब्द लागतो, यात माझी एक संध्याकाळ फुकट गेली.)

फाइलीला हात लावला की ती मूळचीच आहे याची खूण असलेली डिजिटल सही बाद होते, आणि सही नसलेली फाइल विंडोज स्वीकारत नाही. त्यासाठी शिफ्टची कळ दाबून धरून रीस्टार्ट करायचे, निळ्या पडद्यावरच्या प्रगत पर्यायांतून स्टार्टअप सेटिंग्जपर्यंत जायचे आणि ७ आकडा दाबायचा. मग त्या एका वेळेपुरती सहीची सक्ती उठते. हे आपण दुरुस्त केलेल्या, आपल्याला कळलेल्या फाइलीसाठीच करावे; कुठूनही उतरवलेल्या ड्रायव्हरसाठी करू नये. लाल रंगातला इशारा आला, मी ‘तरीही बसवा’ म्हटले आणि त्रिकोण गेला. पुढच्या वेळी संगणक नेहमीसारखा सुरू केला तरी स्कॅनर जागेवर होता, कारण काम करणाऱ्या मूळ ड्रायव्हरवरची सही शाबूत होती.

पहिली पट्टी घातली ती पूर्व भागातल्या एका मागाच्या खोलीची. १९८० च्या दशकात मी उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’ ही कृष्णधवल फिल्म वापरत असे, त्यातलीच ती होती. चित्र आले आणि मी चरकलो. विणकराचा चेहरा मेणासारखा गुळगुळीत झाला होता आणि मागावरचे ताणलेले धागे जागोजागी विरघळल्यासारखे दिसत होते. आधी वाटले, आयएनएफमध्येच काही चुकले. चूक माझीच होती, पण वेगळी: डिजिटल आइस चालू राहिले होते. कृष्णधवल निगेटिव्हमधले चित्र चांदीचे असते आणि चांदी अवरक्त प्रकाश अडवते, म्हणून ती सोय विणकराच्या चेहऱ्यालाच धूळ समजून पुसायला निघाली होती. आइस बंद करून तीच चौकट पुन्हा वाचली, तेव्हा धागा न् धागा सुटा आला आणि पुठ्ठ्यांची भोकेसुद्धा मोजता आली. ज्या सोयीसाठी सहा महिने विंडोजच्या मागे लागलो, ती माझ्या सगळ्यात लाडक्या रोलांना चालतच नाही, हे मला तेव्हा कळले. गड्ड्याच्या यात्रेचे, नंदीध्वजांचे नंतरचे रंगीत रोल मात्र तिने असे स्वच्छ केले की लिनक्स न घेतल्याचा पश्चात्ताप उरला नाही.

कृष्णधवल फिल्मची धूळ आता हातानेच झटकावी लागते. सोलापूरच्या एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि पंखा लावला की खोलीभर धूळ उडते, म्हणून मी पहाटे पाचला पंखा बंद करून बसतो आणि सात वाजता थांबतो. गुंडाळी झालेल्या पट्ट्या आदल्या रात्री स्वच्छ कागदात घालून पेटीतल्या चादरींच्या थप्पीखाली ठेवतो; सकाळपर्यंत त्या सरळ होतात.

मध्यंतरी विंडोजचे एक मोठे अपडेट येऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी पिवळा त्रिकोण परत आला. सगळे पुन्हा करायला दहा मिनिटे लागली. तेव्हापासून दुरुस्त केलेली फाइल एका पेन ड्राइव्हवर घेऊन तो स्कॅनरच्या खोक्यातच ठेवला आहे, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहिले आहे: शिफ्ट, रीस्टार्ट, ७. कृष्णधवल असेल तर आइस बंद.