एन्ट्री चुकली

सोमवार, रात्री

झोप येत नाही म्हणून उठून बसलेय. हे घोरतायत. कालपासून डोक्यात एकच वाक्य फिरतंय, "काकू, एन्ट्री चुकली."

म्हणणारा पोरगा काही वाईट नाही. लॅपटॉपवर ट्रॅक लावायचं काम त्याचं. हळूच म्हणाला बिचारा, पण माझ्या हातातला माईक चालू होता. विश्रामबागच्या त्या हॉलमध्ये शेवटच्या रांगेतल्या वहिनींनाही ऐकू गेलं.

गाणं कुठलं ते इथं लिहीत नाही. लिहिलं की वाचताना कानात सुरू होईल, आणि कुठून सुरू होईल तोच तर घोळ आहे.

दर महिन्याला कराओके असतो. निवेदन ठरलेलं. आशाताईंचा जन्म सांगलीतला, 1933 चा. दीनानाथांची बलवंत पिक्चर्स इथलीच. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सीतास्वयंवर केलं तेही इथंच. एवढी सगळी माती कपाळाला लावून झाली की आम्ही बेसूर माणसं एकेक करून माईकपाशी जातो. मी आजवर गेले नव्हते. मी खुर्चीवर बसून इतरांच्या चुका काढणारी. संगीत कोणाचं, साल कुठलं, पडद्यावर कोण आणि मागून कोण, अडलं की माना माझ्याकडे वळतात. काल "आपल्या चालत्याबोलत्या एन्सायक्लोपीडिया" असं म्हणून माझं नाव पुकारलं. टाळ्यासुद्धा आधीच वाजल्या. आधी वाजलेल्या टाळ्या परत घेता आल्या असत्या तर किती बरं झालं असतं.

ट्रॅक सुरू झाला. एक झंकार, मग व्हायोलिनचा एक लांब सूर, आणि मग नुसती मोकळी जागा. पडद्यावर अक्षरं निळी व्हायला लागली. ती ओळ माझ्या ओळखीची नव्हती. मला वाटलं पोरानं दुसरंच गाणं लावलं. मी त्याच्याकडे बघतेय, तो माझ्याकडे बघतोय, हातानं "घ्या, घ्या" म्हणतोय. तेवढ्यात तबला आला. मी दचकले, आणि उशीर झाला असं वाटून चार मात्रा आधीच मुखडा धरला. पुढं तबला एकीकडे नि मी एकीकडे.

"काकू, एन्ट्री चुकली. परत लावू?"

"नको, घसा बसलाय," म्हटलं नि खाली आले. घसा अगदी ठणठणीत होता.

घरी येऊन फोनवर मूळ गाणं लावलं. आहे. ती ओळ आहे. मुखड्याच्या आधी, तालाशिवाय, एकच ओळ. सात-आठ सेकंदांची असेल. शांतपणे म्हटलीय, जणू दारात उभं राहून आत येऊ का विचारावं तशी. सगळ्या जगाला ती ओळ ठाऊक आहे. त्या लॅपटॉपवाल्या पोराला ठाऊक आहे, जो जन्मला तेव्हा कॅसेटसुद्धा जायला निघाली होती. मला ठाऊक नाही.

आमच्या घरी ग्रामोफोनची जी प्लेट होती तिला टवका उडालेला होता, एवढंच त्याचं कारण. अंगठ्याच्या नखाएवढा, कडेला. कोणी पाडली ते आण्णांनी कधी सांगितलं नाही, म्हणजे आईनंच पाडली असणार. प्लेट फिरायची मिनिटाला 78 वेळा. टवक्यात बारा-तेरा फेरे जरी गेले तरी दहा सेकंदं गेली. हा हिशेब मी काल रात्री बिलाच्या पाठीमागे मांडला. त्या दहा सेकंदांत झंकार गेली, व्हायोलिन गेलं आणि ती ओळ गेली. आण्णा पिन टवक्याच्या आत ठेवायचे. आम्ही ठेवली तर मागून ओरडायचे, "आत टाक, आत!" म्हणून आमच्या घरात ते गाणं थेट मुखड्यावर सुरू व्हायचं. टवक्यापासून केसाएवढी एक चीर आत गेली होती, त्यामुळं पहिल्या ओळीभर दर फेऱ्याला एक टक्. आठ-नऊ वर्षांची होईपर्यंत मी त्या टक्‌ला वाद्य समजत होते.

पण मग रेडिओ? कालपासून हाच प्रश्न कुरतडतोय. घरात सकाळी सिलोन असायचं. साडेसात ते आठ जुनी गाणी, शेवटचं सैगलचं, आणि सैगल संपायच्या आत आण्णांची दाढी उरकलेली पाहिजे, नाहीतर कामावर लेट. नंतर विविध भारती. पन्नास वर्षांत ते गाणं रेडिओवर शंभरदा लागलं असेल. तेव्हा ती ओळ वाजलीच असणार. मग मी काय ऐकलं? निवेदन चालू आहे असं समजून सोडून दिलं? गॅसवर दूध होतं? की कानाला मुखडा येईपर्यंत ऐकायचंच नाही अशी सवय होती? आण्णांनी पिन आत टाकली ती प्लेटवरच टाकली की माझ्याही कानात टाकली, कळत नाही.

सिनेमासुद्धा पाहिलाय. मिरजेला मॅटिनीला, मैत्रिणींबरोबर. पण तेव्हाच्या प्रिंटा म्हणजे काय, गावोगाव फिरून दमलेल्या. रीळ तुटलं की ऑपरेटर चार-सहा फ्रेमा कापायचा नि डकवायचा. रिळाच्या दोन्ही टोकांचे सगळ्यात जास्त हाल. नेमकं गाणं रिळाच्या सुरुवातीला असेल तर गेलंच. निदान मी तरी अशी समजूत घालून घेतेय. खरं म्हणजे ती ओळ पडद्यावर होती आणि मी पॉपकॉर्नला गेले होते, असंही असेल. पॉपकॉर्न कसले, तेव्हा खारे दाणे.

मला राग नक्की कसला आलाय? हसले म्हणून? फारसं कोणी हसलं नाही. पाठारेवहिनी तर उलट "ट्रॅकच गंडलेला होता" म्हणाल्या. (त्या चांगुलपणाचा जास्त राग आला.) माहिती कमी पडली म्हणून? माहिती सगळी होती. संगीतकार, गीतकार, साल, सगळं तोंडपाठ. नुसती सुरुवात माहीत नव्हती. ज्या घरात मी साठ वर्षं राहते असं सगळ्यांना सांगत आले, त्या घराला पुढचं दारही आहे हे परक्या पोरानं दाखवावं तसं झालं. मी आपली परसदारातून ये-जा करतेय.

बाहेर जाऊन पाणी पिऊन आले. प्लेटांची पेटीही खाली काढली. ह्यांनी एक डोळा उघडून "आता?" एवढंच विचारलं नि कूस बदलली.

2019 च्या पुरात गावभागातल्या घरात पाणी आलं तेव्हा ही पेटी खालच्या फडताळात होती. आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांवर गेलेलं, धोक्याची पातळी 45 ची. पाणी उतरल्यावर प्लेटा चिखलातून काढल्या. लाखेच्या प्लेटा, त्या काही लगेच विरघळत नाहीत. गेली ती लेबलं. सगळ्या कागदी चकत्या लगदा होऊन सुटल्या. एचएमव्हीचा कुत्रा गेला, गाण्यांची नावं गेली, उरल्या चाळीसएक काळ्याभोर ताटल्या. कुठली कुठली, काही पत्ता नाही. शेजारच्यांनी सांगितलं स्पिरिटनं पुसा, चिखल निघतो. एक पुसली. चिखल निघाला आणि त्याबरोबर गाणंही निघालं. लाख स्पिरिटमध्ये विरघळते हे मला, एन्सायक्लोपीडियाला, तेव्हा आठवलं नाही. बाकीच्या मग गार पाण्यानं धुतल्या, अंगणात भिंतीला टेकवून सावलीत वाळवल्या.

त्या चाळीसांत एकच ओळखू आली. कडेवरून बोट फिरवलं नि टवका लागला. तेव्हा मी चिखलात बसून रडले होते, बरं वाटलं म्हणून. आणि आज त्याच टवक्यावर रागावून बसलेय.

वाजवायला फोनो हवा. फोनो पुण्याला आहे, बाळूकडं. दुरुस्तीला म्हणून नेला होता. तो विषय नको.

मघाशी मात्र मला हसू आलं, आणि तेही आलम आरावरून. 14 मार्च 1931 ला मुंबईत मॅजेस्टिकला लागला, पहिला बोलपट, सात गाणी, हे मी कोणालाही झोपेतून उठवून सांगते. पाहिलाय का? नाही. कोणी पाहणार? त्याची प्रतच आज कुठं शिल्लक नाही. कराओकेतला एकही माणूस तो पाहिलेला नाही, तरी सगळे त्याच्याबद्दल घरच्यासारखं बोलतात. आणि 2003 साली पुण्याला आग लागून प्रभातच्या जुन्या निगेटिव्ह जळाल्या तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते. ती फिल्म नायट्रेटची, एकदा पेटली की विझवता येत नाही. म्हणजे अख्खे सिनेमे न पाहता आम्ही त्यांच्या नावानं उपास करतो. माझ्या गाण्याची तर दहाच सेकंदं कमी होती. त्यात एवढं काय आभाळ कोसळलं?

असं लिहिलं खरं. पण परत फोनवर गाणं लावलं तेव्हा ती ओळ आली नि पोटात खड्डा पडलाच. चांगली आहे हो ओळ. इतकी चांगली आहे हाच त्रास आहे. फालतू असती तर परवडलं असतं. आण्णांनीही ती कधी ऐकली होती का? प्लेट फुटायच्या आधी ऐकली असणारच. म्हणजे त्यांना ठाऊक होती, आणि तरी ते रोज पिन आत टाकून, मान हलवत, काही कमी नसल्यासारखे...

असो.

मंगळवार

दुपारी बाळूला फोन केला. दिवाळीनंतर पहिलाच. आधी दोघंही पावसाबद्दल बोललो. मग म्हटलं, "आण्णांचं ते गाणं म्हण बघू."

"कुठलं?"

"टवक्याचं."

बाळूनं एका सेकंदाचाही वेळ घेतला नाही. थेट मुखडा. आणि पहिल्या ओळीत जिभेनं टाळूवर टक्, टक्, टक्, तालाशी काहीही संबंध नसलेलं. त्याची बायको मागून "काय चाललंय?" विचारत होती.

"का गं? काय झालं?" त्यानं विचारलं.

त्याला ती ओळ सांगावी असं क्षणभर आलं होतं तोंडावर. "काही नाही," म्हटलं. "फोनो कसा आहे?"

"आहे. स्प्रिंग गेलीय. माणूस मिळत नाही."

"बरं."

"आणू का दिवाळीला?"

"बघ," म्हटलं. त्यालाही तेवढं पुरलं.

संध्याकाळी भाजी आणायला गेले होते. येताना हरभट रोडला तो लॅपटॉपवाला पोरगा भेटला, गाडीवर, डिकीत स्पीकर. मला बघून थोडा कानकोंडा झाला. मीच थांबवलं.

"ऐक रे. त्या ट्रॅकची पहिली दहा सेकंदं कापता येतात का?"

"येतंय की काकू, त्यात काय. दोन मिनिटांचं काम." गाडीला किक मारली, मग परत बंद केली. "पण सुरुवातच भारी आहे ओ त्याची."