पास झालेला लॉट

बेळगावच्या उद्यमबागेतल्या ज्या कारखान्यात मी गुणवत्ता तपासणी सांभाळतो, तिथे एरवी हायड्रॉलिक पंपांचे सुटे भाग निघतात. अंतराळात याने नेणाऱ्या प्रक्षेपकासाठी लागणाऱ्या ॲल्युमिनियमच्या हाउसिंगची, म्हणजे बाहेरच्या कवचांची, कामे एका मोठ्या कंपनीमार्फत, मधूनच कधीतरी येतात. या कामाचा कच्चा माल आमचा नसतो, हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही: ठोकळे कंपनी देते, त्यांच्यापोटी आमच्याकडून बँक हमी घेते आणि कापून निघालेल्या चिपचाही, म्हणजे धातूच्या कातरणाचाही, वजनाने हिशेब मागते.

गेल्या उन्हाळ्यात तपासणीसाठी बंगळूरहून आलेले निरीक्षक वेळेआधीच पोहोचले आणि बर, म्हणजे कडांवरची कूस, काढण्याच्या टेबलावरून नुकतेच उचललेले जॉब त्यांनी थेट सीएमएमवर, म्हणजे मापे घेणाऱ्या यंत्रावर, लावायला सांगितले. ४० मिलिमीटरच्या बोअरला, म्हणजे आतल्या गोल छिद्राला, एच-६ ही मर्यादा होती, म्हणजे वरच्या बाजूला फक्त १६ मायक्रॉनची मुभा. यंत्राने २१ दाखवले. ते ‘रिजेक्ट’ लिहू लागले तेव्हा मी स्पष्ट हरकत घेतली. एवढ्या मापाचा ॲल्युमिनियमचा बोअर एका अंशाला सुमारे ०.९ मायक्रॉन वाढतो, मापनाचे मानक तापमान २० अंश सेल्सिअस आहे आणि शॉपमध्ये ३० अंश होते. म्हणजे यातले नऊ मायक्रॉन उन्हाचे होते, आमच्या कटिंगचे नव्हेत. निरीक्षकांना हे ठाऊक नव्हते असे मला वाटत नाही. त्यांना संध्याकाळची गाडी गाठायची होती. कन्नडमध्ये बराच वाद घातल्यावर जॉब वातानुकूलित खोलीत ठेवले गेले आणि दुपारनंतर त्याच बोअरने १२ दाखवले.

जॉब थंड होईपर्यंतच्या वेळात मालकांनी पुढच्या लॉटची तारीख विचारली. उत्तरादाखल निरीक्षकांनी मंजुऱ्या ऐकवल्या: सप्टेंबर २०२४ मध्ये गगनयानाची एकूण तरतूद २०,१९३ कोटींवर गेली, चांद्रयान-४ ला २,१०४ कोटी मिळाले, नव्या प्रक्षेपकाला ८,२४० कोटी. आकडे खरेच आहेत. पण मंजुरी अनेक वर्षांवर पसरलेली असते, आणि २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात सबंध अंतराळ विभागाच्या वाट्याला सुमारे १३,४१६ कोटी आले. त्यातून आमच्यासारख्यांपर्यंत लॉट कधी झिरपतो, हे ना कंपनी सांगते ना तिचा निरीक्षक.

व्हीएमसी या संगणकावर चालणाऱ्या कटिंग यंत्रावरचा आमचा खानापूरकडचा ऑपरेटर हे ऐकत उभा होता. तो म्हणाला, “साहेब, मंजूर झालंय ते बरंच झालं की. माझं काम कवा येतंय तेवढं सांगा.”

लॉट पास झाला. महिनाअखेर तो ऑपरेटर मात्र नोकरी सोडून प्रवासी विमानांचे भाग निर्यात करणाऱ्या कारखान्यात गेला, कारण तिथे ऑर्डर वर्षानुवर्षांच्या असतात. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ उतरले तेव्हा गावभर कुंदा वाटणाऱ्यांना अंतराळ हा राष्ट्राचा अग्रक्रम वाटला असेल. त्या माणसाला पगारापुरता तो अग्रक्रम कधी दिसलाच नाही, म्हणून मी त्याला दोष देत नाही.

आता नव्या निविदेचा दर मला काढायचा आहे. पंपाच्या कास्टिंगवर, म्हणजे ओतीव भागांवर, तयार झालेल्या पोराला या बोअरपर्यंत आणायला वर्ष तरी जाईल, आणि तो खर्च दरात धरावा असे माझे मत आहे. तसे केले तर सर्वांत कमी दर दुसऱ्याचा ठरेल, असे मालक म्हणतात, आणि तेही चुकीचे नाही. निविदेच्या नमुन्यात माणूस घडवण्याच्या खर्चाला रकानाच नसल्यामुळे मी तो यंत्रतासाच्या दरात मिसळला आहे. मालकांनी अजून सही केलेली नाही.