खोलीचा नंबर १०८ चालेल, इंटरकॉमचा नको

तारकर्ली असो, गणपतीपुळे असो की हर्णै, लॉजमध्ये ईपीएबीएक्स, म्हणजे खोल्यांचे फोन एकमेकांना आणि बाहेरच्या लाइनला जोडणारं मशीन, बसवताना मालक पहिलं हेच सांगतात: खोलीचा नंबर तोच इंटरकॉमचा ठेवा. सोयीचं आहे, पण घातक आहे. मध्यरात्री कुणाच्या छातीत दुखायला लागलं आणि घरच्यांनी घाबरून १०८ दाबला, तर रुग्णवाहिकेला फोन न जाता शेजारच्या खोलीत बेल वाजते. १०१ आणि ११२ चंही तेच.

म्हणून एक्स्टेन्शनची, म्हणजे आतल्या फोनच्या नंबरची, सुरुवात १ ने करूच नका. खोली १०८ ला २१०८ द्या; ऑफिस, किचन, गेट यांना ४०१, ४०२, ४०३. आणि १०१, १०८, ११२ हे तिन्ही नंबर प्रत्येक फोनवरून, बाहेरचे कॉल बंद असलेल्या फोनवरूनसुद्धा, थेट बाहेर जातील अशी नोंद करा. शून्य लावून आणि न लावताही.

एकाच आकड्याने सुरू होणारे लहान-मोठे नंबर ठेवू नका. २१ ऑफिसचा आणि २१०८ खोलीचा असेल, तर २१ दाबल्यावर मशीन पुढच्या आकड्याची वाट बघत राहतं आणि तेवढ्यात माणूस फोन ठेवून देतो.

बाहेरच्या लाइनसाठी बहुतेक ठिकाणी ० असतो. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावतानाही आधी ० लागतो. म्हणजे इंटरकॉमवरून दोन शून्यं: पहिलं मशीनला, दुसरं एक्स्चेंजला. ‘मोबाइल लागत नाही’ ही तक्रार आली की आधी हेच बघा. मग एसटीडीची (बाहेरगावच्या कॉलची) बंदी बघा. लाइन मिळाल्यानंतरच्या एका शून्यावर बंदी असेल तर मोबाइलही अडतो. फक्त आयएसडी (परदेशी कॉल) थांबवायचं असेल तर बंदी दोन शून्यांवर हवी.

फीचर कोड, म्हणजे खास सोयींसाठी दाबायचे नंबर, मशीनप्रमाणे बदलतात. फ्रीपीबीएक्स या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या मशीनमध्ये *७२ ने कॉल फॉरवर्ड सुरू होतो, *७३ ने बंद. दुसऱ्या मशीनला त्याच्या मॅन्युअलमधला तक्ताच खरा. दुसरीकडे वाजणारा फोन आपल्या जागेवरून उचलायचा, तर दोन्ही फोन एका पिकअप ग्रुपमध्ये हवेत. रिसेप्शन आणि किचन एकत्र ठेवा, खोल्या त्यात अजिबात घालू नका, नाहीतर एका पाहुण्याचा फोन दुसरा उचलेल. स्टार चालतच नसेल तर फोनच्या खालचं बटण पी (पल्स) वर राहिलंय, ते टी (टोन) वर करा. फ्लॅश (चालू कॉल दुसरीकडे वळवायचं बटण) दाबल्यावर कॉल तुटत असेल तर फोन आणि मशीनची फ्लॅशची वेळ जुळत नाही. एकीकडे १०० आणि दुसरीकडे ६०० मिलिसेकंद असं नको.

पावसाळ्यात मात्र प्रोग्रॅमिंगला हात लावण्याआधी एमडीएफचा, म्हणजे सगळ्या फोनच्या वायरी जिथे जोडतात तो, डबा उघडा. खारी हवा क्रोनच्या (वायर दाबून बसवायच्या पट्टीच्या) दातांत शिरते, तांब्यावर हिरवट थर चढतो, लाइन खरखरते आणि २१०८ दाबलं तरी मशीनला २१८ च पोचतो. वायरचं टोक इंचभर कापून ताज्या तांब्यावर पुन्हा पंच करा, म्हणजे पट्टीत दाबून बसवा.

शेवटी ११२ तपासताना कॉल लागला तर चाचणी आहे असं सांगूनच ठेवा. न बोलता कापलेला कॉल तिकडे खरा धरला जाऊ शकतो.