‘अज्ञात वाहन’ आणि झाडून टाकलेल्या काचा

धुळे-सोलापूर महामार्गावर रात्री पायी चालणारा माणूस गाडीच्या धडकेने गेला, की फिर्यादीत दोन शब्द ठरलेले: ‘अज्ञात वाहन’. गाडी सापडणार की प्रकरण ‘अ समरी’त (गुन्हा खरा, पण आरोपी सापडला नाही म्हणून तपास बंद) जाणार, हे बऱ्याचदा पहिल्या दोन-तीन तासांत ठरतं. रस्त्यावर पडलेल्या काचा कुणीतरी भला माणूस झाडून कडेला लोटतो, मागच्या गाड्यांचे टायर फुटू नयेत म्हणून. हेतू चांगला, पण तपासाचं वाटोळं.

प्रेत पडलं ती धडकेची जागा नव्हे. माणूस फेकला जातो, कधी फरफटत जातो. टॉर्च वरून न मारता रस्त्यालगत आडवी धरली, तर डांबरावर चपलेच्या तळव्याचा घसरा दिसतो. मडगार्डखालची वाळकी माती धडकेसरशी खाली गळते. काळ्या रानातून आलेल्या ट्रॅक्टरची तर ढेकळंच पडतात. धडक बसली ती हीच जागा. मापं किलोमीटरच्या दगडापासून किंवा खांबापासून घ्यावीत. ‘रस्त्याच्या कडेला’ एवढ्यावर भागत नाही.

दिव्याच्या तुकड्यावर बऱ्याचदा कंपनीची खूण किंवा पार्ट नंबर असतो, त्यावरून मॉडेलपर्यंत पोचता येतं. पुढे संशयित गाडीच्या फुटक्या दिव्यात तोच तुकडा चपखल बसला, तर वकिलाला बोलायला फार जागा उरत नाही. मयताचे कपडे सावलीत वाळवून कागदात बांधायचे. प्लास्टिकमध्ये ओले कोंबले, की ‘सीए’ला, म्हणजे रासायनिक तपासणीच्या प्रयोगशाळेला, बुरशी जाते.

‘लाइट चालू होती, साहेब’ हे चालकाचं म्हणणं बल्बवरून तपासता येतं. पेटता बल्ब फुटला तर तापलेली तार ताणली जाते आणि हवा लागून तिच्यावर पांढुरकी-पिवळट भुकटी धरते. विझलेल्या बल्बची तार कडकन तुटते, तुटलेली जागा चकचकीत राहते. एलईडीला हा न्याय लागू नाही.

शवविच्छेदनाच्या वेळी पायाच्या हाडाचा मोड टाचेपासून किती उंचीवर आहे, हे डॉक्टरांकडून मोजून घ्यावं. ती उंची बंपरशी ताडायची. मात्र ब्रेक दाबला असेल तर गाडीचं नाक खाली झुकलेलं असतं.

ढाब्याच्या डीव्हीआरचं (सीसीटीव्हीच्या रेकॉर्डरचं) घड्याळ हमखास चुकीचं असतं. मोबाइलच्या वेळेशी असलेला फरक तिथेच लिहून घ्यावा. फुटेजसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, प्रमाणपत्र हवंच.

‘दिसलाच नाही’ हा बचाव नेहमीचा. ताशी 80 किमी म्हणजे सेकंदाला 22 मीटर. दीड सेकंद भानावर यायला गेला, तर ब्रेक लागण्याआधीच 33 मीटर गेले. कोरड्या डांबरावर थांबायला आणखी साधारण 36. डिपरवर, म्हणजे खाली झुकवलेल्या झोतात, गडद कपड्यातला माणूस इतक्या लांबून दिसत नाही. पण यातून चालक सुटत नाही. दिसतं तेवढ्यात थांबेल इतकाच वेग हवा होता.

गाडी सापडलीच नाही, तर 1 एप्रिल 2022 पासूनच्या केंद्राच्या ‘हिट अँड रन’ भरपाई योजनेत वारसांना 2 लाख मिळतात. अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे करायचा. पुढे गाडी सापडून मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने भरपाई दिली, तर ही रक्कम त्यातून परत जाते.