घरी चाक काढून टायर बदलताना: पल्सर, युनिकॉर्नच्या वर्गातल्या गाड्यांसाठी

पावसाळ्याच्या तोंडावर टायर बदलायचा ठरला की बहुतेक जण गाडी थेट टायरच्या दुकानासमोर लावतात. तिथे चाक निघतं, टायर चढतो, चाक परत बसतं आणि अर्ध्या तासात गाडी मोकळी. टायर चढवण्याचं काम दुकानातच व्हावं, कारण मशीन आणि बॅलन्सर घरी नसतो, आणि टॉमी (टायर उचकटायची लोखंडी पट्टी) घालून अलॉयची कड खरवडून घेण्यात काही अर्थ नाही. चाक काढणं-बसवणं मात्र आपल्या हातानं करावं, असं माझं ठाम मत आहे. दुकानात रांग असते. बुशी (एक्सलवर चाकाच्या दोन्ही बाजूंना बसणारी अंतराची कडी) कोणी पुसत नाही, बेअरिंग कोणी फिरवून बघत नाही, कप रबराकडे (चाक आणि स्प्रॉकेटच्या मधली, धक्का शोषणारी रबरं) लक्ष जात नाही. चाक उतरवलेलं असताना जे फुकटात तपासून होतं, ते राहून जातं.

खाली सांगितलेलं सगळं पुढे डिस्क, मागे ड्रम, अलॉय, ट्यूबलेस टायर आणि मेन स्टँड असलेली १५० सीसीची गाडी धरून आहे. स्प्लेंडर किंवा शाइनलाही यातलं बहुतेक लागू होतं.

हत्यारांत सर्वात महत्त्वाचा मापाचा रिंग पाना किंवा सॉकेट. एक्सलचे (चाकाच्या मधून जाणाऱ्या दांड्याचे) नट गाडीगणिक १७ ते २४ मिमीच्या दरम्यान असतात. आपले कोणते ते आधी लावून बघा. स्क्रू पान्यानं एक्सलचा नट सोडवू नका, कोपरे गोल होतात आणि मग छिन्नीची वेळ येते. बाकी प्लास्टिकचा हातोडा, पक्कड, ग्रीस, ब्रेक क्लीनर, जाड लाकडी ठोकळे, छोटा जॅक आणि नव्या स्प्लिट पिना. दोन-पाच रुपयांची पिन आहे, जुनी सरळ करून परत घालायची नाही.

टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानं आवळणारा पाना, असेल तर उत्तमच. टॉर्कचा, म्हणजे आवळण्याच्या जोराचा, आकडा आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्या. रेंच नसेल तर हिशोब सोपा आहे: २५ सेंमी लांबीच्या पान्याच्या टोकाला साधारण २४ किलोचा जोर दिला की ६० न्यूटन-मीटर होतात. पान्याला पाइप लावायची मुभा फक्त सोडवताना. घट्ट करताना पाइप लावला की आटे ताणले जातात.

टायर घेताना साइज तीच घ्या. मागचा १००/९०-१७ असेल तर १०० मिमी रुंदी, रुंदीच्या ९० टक्के उंची, १७ इंची रिम. रुंद टायर चढवायचा मोह अनेकांना होतो, पण तो चेन कव्हरला किंवा ब्रेकची प्लेट धरणाऱ्या पट्टीला (टॉर्क आर्म) घासतो, आणि अरुंद रिमवर त्याचा घेर वेडावाकडा बसतो. साइजनंतर ५५पी असं काही लिहिलेलं असतं: ५५ म्हणजे २१८ किलोपर्यंतचा भार, पी म्हणजे ताशी १५० किमी. हा आकडा आणि अक्षर मूळ टायरपेक्षा खालचं नको. बाजूवरच्या चार अंकी आकड्यात पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे; २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दुकानदारासमोरच तो वाचा.

आता मागचं चाक. गाडी मेन स्टँडवर घेण्याआधीच, चाक जमिनीवर असताना, एक्सलचा नट अर्धा-एक आटा ढिला करून घ्या. स्टँडवर चढवलेल्या गाडीला पाइप लावून झटके दिले तर गाडी पुढे सरकून स्टँडवरून उतरते. मग मेन स्टँडखाली १८ मिमीची प्लायवुडची फळी सरकवा. जुना झिजलेला टायर मडगार्डखालून सहज निघतो, नवा हवा भरलेला टायर मात्र त्याच फटीतून आत जात नाही. वाढलेली ती उंची तेव्हा कामी येते.

ब्रेक रॉडच्या टोकाचा ॲडजस्टर नट काढा, रॉड ब्रेकच्या आर्ममधून बाहेर ओढा, आणि स्प्रिंग, गोल पिन, नट लगेच त्याच रॉडवर परत अडकवा. ही गोल पिन हरवली की काम थांबतं. त्यानंतर टॉर्क आर्म, म्हणजे ब्रेक प्लेटला स्विंगआर्मशी (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याशी) जोडणारी पट्टी: स्प्लिट पिन काढा, नट काढा, पट्टी मोकळी करा. या वर्गातल्या बऱ्याच गाड्यांना चेनच्या बाजूला दोन नट दिसतात, एक एक्सलचा आणि त्याच्या आत एक मोठा स्लीव्ह नट. मोठ्याला हात लावू नका. तो स्प्रॉकेटचा ड्रम स्विंगआर्मला धरून ठेवतो, त्यामुळे चेन आणि चेन कव्हर जागेवरच राहतात. एक्सल ओढून काढला की ब्रेकच्या बाजूची बुशी खाली पडते, तिथे जागा होते, आणि चाक त्या बाजूला सरकवलं की कप रबरांतून सुटतं. ज्या गाड्यांत स्लीव्ह नसतो तिथे चेन ॲडजस्टर ढिले करून चाक पुढे ढकला आणि चेन स्प्रॉकेटवरून उतरवा.

कोकणात, किनाऱ्याजवळ चालणाऱ्या गाड्यांत एक्सल बेअरिंगच्या आतल्या कड्यात गंजून धरतो. पेनिट्रेटिंग ऑइल मारा, तासभर थांबा. नट आट्यांच्या टोकाशी समपातळीत येईल इतका परत चढवा आणि प्लास्टिकच्या हातोड्यानं ठोका. उघड्या आट्यांवर लोखंडी हातोडा बसला की एक्सल बदलावा लागतो.

चाक हातात आलं की ब्रेक प्लेट उचलून घरीच ठेवा. दुकानात तिचं काम नाही. ड्रममधली धूळ फुंकू नका, हवेनंही उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसून घ्या. ड्रमच्या आत कमाल व्यास कोरलेला असतो, १३० मिमीच्या ड्रमला साधारण १३१. ड्रमला कडेला ठळक काठ जाणवत असेल तर माप घ्या. मग बोट बेअरिंगच्या आतल्या कड्यात घालून सावकाश फिरवा. चांगलं बेअरिंग जडपणे, गुळगुळीत फिरतं. बोटाला खरखर लागली, किंवा ते अगदी सुळकन कोरडं फिरलं, तर ते आत्ताच बदला; नंबर बेअरिंगवरच असतो. बदलून घेताना एक गोष्ट डोळ्यांनी पाहा: दोन्ही बेअरिंगच्या मध्ये हबच्या आत एक पोकळ नळी असते. ती विसरली, किंवा चुकीच्या लांबीची घातली, तर एक्सल आवळल्यावर सगळा दाब बेअरिंगच्या गोळ्यांवर आडवा येतो. नवं बेअरिंग थोड्याच दिवसांत गुणगुणायला लागतं आणि दोष त्याच्या कंपनीला दिला जातो.

कप रबरं बोटांनी दाबून बघा. कडक, चकाकती, चिरलेली किंवा खाचेत सैल हलणारी असतील तर पूर्ण सेट बदला. ॲक्सिलरेटर सोडताना-पिळताना मागून येणारा धक्का बहुतेकदा इथूनच येतो आणि लोक तोवर चेन किट बदलून मोकळे झालेले असतात. नवी रबरं घट्ट जात असतील तर साबणाचं पाणी लावा. ग्रीस किंवा ऑइलनं रबर फुगतं.

पुढच्या चाकाला मेन स्टँडवर गाडी ठेवून इंजिनखाली लाकडी ठोकळा आणि जॅक लागतो. सायलेन्सरच्या पाइपवर किंवा ड्रेन बोल्टवर भार येऊ देऊ नका. दोन्ही चाकं एकदम काढू नयेत, हे तर उघडच आहे. मीटरची केबल असेल तर सोडवा, एबीएस असेल तर सेन्सरची वायर ताणली जाणार नाही अशी बाजूला घ्या, आणि एक्सलला क्लॅम्प बोल्ट असेल तर तो आधी ढिला करा. एक्सल ओढला की डिस्क पॅडमधून अलगद खाली येते, कॅलिपर (पॅड धरणारा भाग) सहसा सोडावा लागत नाही. लगेच पॅडच्या मध्ये डिस्कच्या जाडीएवढी, साधारण ४ मिमीची, लाकडी पट्टी किंवा घडी घातलेला पुठ्ठा सरकवा. घरात कोणी सहज ब्रेकचा लिव्हर दाबला तर पिस्टन बाहेर येतात आणि मग डिस्क आत जात नाही. चाक डिस्कच्या बाजूनं जमिनीवर टेकवू नका, आणि दुकानातही तेवढं बजावून सांगा.

दुकानात उभं राहून चार गोष्टी बघा. टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेला आहे ना, विशेषतः डिस्क कोणत्या बाजूला येते ते धरून. ट्यूबलेसला रबरी वॉल्व्ह नवा घातला ना. जुन्याला बुडाशी चिरा असतात आणि हवा तिथून हळूहळू जाते. टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो वॉल्व्हजवळ यावा. आणि हवा भरल्यावर रिमच्या कडेला समांतर जाणारी बारीक रेघ दोन्ही बाजूंनी सगळीकडे सारख्या अंतरावर दिसते ना. कुठे ती आत गडप झाली असेल तर टायर तिथे बसलेलाच नाही. हवा सोडून, साबणपाणी लावून परत भरायला लावा. ट्यूबवाल्या स्पोक चाकात नव्या टायरबरोबर ट्यूबही नवीच.

खरं जोखमीचं काम बसवण्याचं. एक्सल गंज-माती काढून पुसा, त्यावर ग्रीसचा पातळ हात द्या. आटे कोरडे ठेवा, कारण ग्रीस लागलेल्या आट्यांवर तोच टॉर्क नटला जास्त आवळतो. सीलच्या ओठांना किंचित ग्रीस, ब्रेकच्या लायनरला बोटसुद्धा नाही. बुशी काढतानाच फोटो काढून ठेवा: डाव्या-उजव्या बुशींची लांबी वेगळी असते. त्या उलट बसल्या तर चाक एका बाजूला सरकतं, किंवा नट आवळताच फिरेनासं होतं.

मागचं चाक कप रबरांत नीट बसवून, ब्रेक प्लेट, बुशी, एक्सल, ॲडजस्टर या क्रमानं घ्या आणि नट फक्त हातानं लावा. आता टॉर्क आर्म. यावर थोडं रेंगाळायलाच हवं. ब्रेक दाबला की लायनर ड्रमला धरतात आणि फिरणारा ड्रम प्लेटला स्वतःबरोबर ओढू पाहतो. तिला अडवून ठेवणारी एकच गोष्ट म्हणजे ही पट्टी. ती लावायची राहिली किंवा तिचा नट निघून गेला, तर पहिल्याच जोरदार ब्रेकला प्लेट गरकन फिरते, ब्रेक रॉड वाकतो आणि मागचं चाक जाम होतं. म्हणून नट, आणि त्यात नवी स्प्लिट पिन, टोकं वाकवलेली. गाडी हलवण्याआधी हे एकदा हात लावून तपासा.

चेनचा ताण तिच्या खालच्या बाजूच्या मध्यावर साधारण २५ ते ३० मिमी वर-खाली इतका. चाक हातानं फिरवत जिथे चेन सर्वात ताठ लागते तिथे मोजा. इंजिन चालू ठेवून कधीही नाही, चेन आणि स्प्रॉकेटमध्ये बोट गेलं की ते जातं. दोन्ही ॲडजस्टर सारख्याच खुणेवर आणा, मग मागून वाकून चेन सरळ रेषेत दिसते का पाहा. नंतर ब्रेक रॉड आर्ममध्ये परत घालून त्याचा नट हातानं लावा, ब्रेकचा पेडल दाबून धरा, म्हणजे लायनर ड्रमच्या मध्यावर येतात, आणि तसाच धरून एक्सलचा नट टॉर्कवर आवळा. आवळल्यावर चेन पुन्हा मोजा, बहुतेकदा ती थोडी ताठ झालेली असते. शेवटी ब्रेक रॉडचा नट: पेडलला २० ते ३० मिमी मोकळी चाल, आणि चाक हातानं फिरवल्यावर लायनर घासता कामा नये.

पुढे मीटरचा पिनियन (मीटरची केबल फिरवणारा गिअर) असेल तर त्याचे दात हबच्या खाचांत नीट शिरले आहेत हे बोटानं हलवून पाहा, आणि त्याच्या घरावरचा अटकाव फोर्कच्या पायावर टेकलेला हवा. तसं न बघता नट आवळला की दात चपटे होतात आणि मीटर बंद पडतं. डिस्क पॅडमध्ये सरळ वर न्या, अडकली तर ढकलू नका. एक्सल नट लावून गाडी खाली घ्या, पुढचा ब्रेक धरून हँडल जोरात चार-पाच वेळा दाबा म्हणजे फोर्कचे पाय एकमेकांशी जुळतात, आणि त्यानंतरच क्लॅम्प बोल्ट आवळा. ब्रेक क्लीनरनं डिस्क पुसा. मग लिव्हर कडक लागेपर्यंत दाबत राहा. पॅड मागे सरकलेले असतात आणि पहिले दोन-तीन दाब पोकळ जातात. ते रस्त्यावर सिग्नलला कळायला नको.

हवेचा दाब थंड टायरमध्ये, स्विंगआर्म किंवा चेन कव्हरवरच्या स्टिकरप्रमाणे. बऱ्याच १५० सीसी गाड्यांना पुढे २५ पीएसआय, मागे एकट्याला २८ आणि दोघांना ३२ असतो. नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, त्यामुळे पहिले शंभर-सव्वाशे किलोमीटर वळणावर गाडी फार झुकवू नका आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक हळू धरा. त्यानंतर गाडी थंड असताना दोन्ही एक्सल नट, टॉर्क आर्म आणि चेनचा ताण एकदा पाना लावून तपासा.